"सर, पन ह्यानं होते काय?" : क्वांटम एन्टँगलमेंट अन् वावरातून आलेला एक प्रश्न

मास्तर_दारव्हा

नमस्कार मंडळी, धागा लांब होणार आहे, सांभाळून घ्या, चार दिवसांपासून डोक्यात हेच चालू आहे.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, पोट्टे दरवर्षी ज्वालामुखी अन् पवनचक्की करतात. यावर्षी म्हटलं असं काहीतरी दाखवू जे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी स्वतःची झोप उडाली होती. तीन बंद पडलेले कॅल्क्युलेटर गोळा केले अन् डिस्प्लेच्या वरची पातळ पट्टी नखानं कडेकडेनं सोलून काढली. (मागच्या बाजूलाही एक असते पण ती चकचकीत, आरपार दिसत नाही, ती घेऊ नका.) ही पट्टी म्हणजे पोलरायझर, एकाच दिशेनं डोलणारा उजेड पुढं सोडते. एक डोळ्यासमोर धरून खिडकीकडे पाहिलं तर उजेड थोडा कमी होतो, बस. तिच्यावर दुसरी ठेवून हळूहळू फिरवली की एका जागी येऊन पार अंधार होतो. आता या दोघींच्या मधात तिसरी पट्टी तिरपी सरकवा. उजेड परत येतो! अडवणाऱ्या वस्तू दोनच्या तीन केल्या अन् उजेड वाढला. पोट्ट्यांनी पट्टी काढली, घातली, काढली, घातली, मधली सुट्टी संपली तरी कोणी हलेना.

एका मुलाचे वडील आले होते, हरभरा सोंगणं चालू होतं तिथूनच, विळा फाटकापाशी ठेवून आत आले. त्यांनी त्या पट्ट्या हातात घेतल्या अन् दहा मिनिटं स्वतः फिरवून पाहिल्या, एकही शब्द न बोलता. मग म्हणाले, "सर, पाह्याले लय मस्त आहे. पन ह्यानं होते काय?"

मी सांगितलं की असेच पोलरायझर वापरून शास्त्रज्ञांनी एन्टँगलमेंट, म्हणजे लांब गेलेल्या दोन बारीक कणांमधला गुंता, तपासली, त्या कामाला २०२२ चं नोबेल मिळालं वगैरे. ते म्हणाले, "हाव, पन होते काय?" मग मी मोबाईल चालतो टीव्ही चालतो असं काहीतरी बोललो, जे माझं मलाच पटलं नाही. ते जाता जाता म्हणाले, "पोरगं म्हनते मले हेच शिकाचं आहे, म्हनून विचारलं."

तेव्हापासून अस्वस्थ आहे. त्या माणसाला खरं उत्तर द्यायचं आहे, पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?

धुऱ्यावरचा

मास्तर, तो बाप बरोबर विचारून राहिला. राग मानू नका पन मी पन तेच विचारीन. सरकारनं २०२३ मध्ये या क्वांटमच्या संशोधनासाठी नॅशनल क्वांटम मिशन काढलं, ६००३ कोटी रुपये. आमच्या इकडे कापूस घरात पडून आहे, सोयाबीनले भाव नाई, लाईन रात्री येते, साप-विंचवात जाऊन मोटर चालू करा लागते. मी बारावी सायन्स केलं, फिजिक्स मले आवडे, खोटं नाई बोलत. पन त्या ६००३ कोटीतलं माह्या वावरात काय येनार आहे ते मले कोनीतरी सरळ सांगा. मोठमोठ्या गोष्टी नका सांगू.

बुटीबोरीत_नोकरी

दादा, वावराचंच सांगतो. आमच्या घरी धुऱ्याचं (बांधाचं) भांडण होतं, माझे बाबा अन् मोठे काका, किती वर्षं एकमेकांच्या घरी पाणी प्यायले नाहीत. मागच्या साली मोजणी आणली. पूर्वी साखळी टाकून मोजत, यावेळी साहेबांनी रोव्हर आणला, काठीवर बसवलेला डबा, उपग्रहाकडून सिग्नल घेतो अन् चार बोटांच्या हिशोबात जागा सांगतो. खुणा रोवल्या, दोघांनी सह्या केल्या.

मी त्या रात्री वाचत बसलो की हा डबा चालतो कसा. सगळा खेळ वेळेचा आहे, सिग्नल उपग्रहातून किती वाजता निघाला अन् इथं किती वाजता पोचला. त्यासाठी उपग्रहात अणुघड्याळ लागतं. ते घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं जातं, कारण तिथं गुरुत्वाकर्षण कमी आहे म्हणून ते पुढं पळतं, अन् उपग्रहाच्या वेगामुळे थोडं मागं पडतं, दोन्ही धरून एवढं उरतं. तेवढ्या वेळात उजेड ११ किलोमीटर जातो! ही दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती तर धुरा कुठं निघाला असता. अन् ही दुरुस्ती येते कुठून, तर १९०५ अन् १९१५ मधल्या आइन्स्टाइनच्या कामातून, तेव्हा उपग्रह सोडा धड विमानंसुद्धा नव्हती. अणुघड्याळाचं मूळ १९३० च्या दशकातल्या राबीच्या प्रयोगात आहे, त्याला अणुकेंद्राचं चुंबकत्व मोजायचं होतं, एवढंच. त्याच कामाच्या पोटातून पुढं एमआरआय निघाला, ज्याच्यासाठी आपण सगळे कधी ना कधी पेशंट घेऊन नागपूरला नाहीतर सेवाग्रामला गेलेलो आहोत.

माझ्या बाबा-काकांचं भांडण मिटवायला राबी बसला नव्हता. पण मिटलं त्याच्यामुळे, असं मी मानतो.

पऱ्हाटी

हे पटलं. पण ही तर जुन्या फिजिक्सची गोष्ट झाली, मास्तरांचा प्रश्न एन्टँगलमेंटचा आहे. मी एका व्हिडिओत पाहिलं होतं की चपलेचा जोड असतो, एक चप्पल एका डब्यात, दुसरी दुसऱ्या डब्यात, एक डबा नागपूरला पाठवला, तिथं उघडला अन् डावी निघाली की घरी उजवी आहे हे लगेच समजलं. एवढंच आहे का? एवढंच असेल तर त्याच्यात नोबेल देण्यासारखं काय आहे हे मला खरंच कळलं नाही, कोणी समजावून सांगाल का.

मास्तर_दारव्हा

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. चपलेएवढंच असतं तर काहीच नव्हतं. आइन्स्टाइनलाही साधारण तसंच वाटत होतं, की कणांचं उत्तर आधीच ठरलेलं असणार, आपल्याला फक्त माहीत नाही. १९३५ मध्ये पोडोल्स्की अन् रोझन यांच्यासोबत त्यांनी पेपर लिहिला की म्हणून क्वांटमचा, म्हणजे अणूएवढ्या बारीक कणांचा, सिद्धांत अपुरा आहे. त्याच वर्षी श्रोडिंगरनं या प्रकाराला एन्टँगलमेंट हे नाव दिलं. मग जवळपास तीस वर्षं लोक म्हणत राहिले की हा तत्त्वज्ञानाचा वाद आहे, मोजता येत नाही, सोडा.

१९६४ मध्ये जॉन बेलनं दाखवलं की मोजता येतं. मी वर्गात असं सांगतो, वही-पेन घ्या.

एकाच जागेवरून निघालेले दोन गुंतलेले फोटॉन (उजेडाचे कण), एक गेला यवतमाळला, एक अमरावतीला. दोन्हीकडे पोलरायझर ठेवला आहे. दोन्ही पोलरायझर एकाच कोनात असले तर दोघांचं उत्तर शंभरपैकी शंभर वेळा सारखं येतं, दोघंही पार होतात नाहीतर दोघंही अडकतात. समजा ते चपलेसारखे आहेत, म्हणजे निघतानाच खिशात चिठ्ठी घेऊन निघाले की ० अंशाला काय करायचं, ३० ला काय, ६० ला काय. आपण कॉपीची पोरं वेगवेगळ्या हॉलमध्ये बसवतो ना, तसंच समजा, आत बोलता येत नाही, जे ठरवायचं ते बाहेर ठरवून आले.

आता एकीकडे ० अन् दुसरीकडे ३० ठेवलं तर शंभर जोड्यांत २५ वेळा उत्तर जुळत नाही. ३० अन् ६० ठेवलं तरी २५ वेळा जुळत नाही. मग ० अन् ६० ठेवलं तर किती वेळा जुळणार नाही? चिठ्ठी खरी असेल तर जास्तीत जास्त २५ अधिक २५, म्हणजे ५०. याच्यावर जाऊच शकत नाही, चौथीचं गणित आहे. क्वांटमचा सिद्धांत सांगतो ७५, अन् निसर्ग क्वांटमच्या बाजूनं उत्तर देतो.

पंचाहत्तर! खिशात चिठ्ठी नव्हतीच. मी हे पहिल्यांदा स्वतः कागदावर केलं तेव्हा रात्री दीड वाजता उठून अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. आजही लिहिताना अंगावर काटा येतो.

खामगाव_रिटर्न

मग यवतमाळचा पोलरायझर फिरवून अमरावतीला लगेच मेसेज देता येईल का सर? उजेडापेक्षा फास्ट?

मास्तर_दारव्हा

नाही. अमरावतीच्या माणसाला नुसतं पार, अडकला, अडकला, पार असं दिसतं, अर्धे-अर्धे, नाणं उडवल्यासारखं. तुम्ही इकडे काहीही करा, त्याच्या यादीत फरक पडत नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तरच जुळणी दिसते, अन् यादी पाठवायला फोनच लागतो.

वणीची_लेक

मी नागपूरला एमएस्सी फिजिक्स केलं, आता ज्युनिअर कॉलेजला शिकवते. मास्तर, त्या वडिलांना जमलं तर या माणसांबद्दल सांगा, कारण आपल्या पोरांना वाटतं की हे कुठल्यातरी वेगळ्या जातीचे लोक असतात.

बेल बेलफास्टमधल्या गरीब घरातला. सोळाव्या वर्षी शाळा संपली, पुढं शिकायला पैसे नव्हते म्हणून युनिव्हर्सिटीच्या फिजिक्स लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागला, तिथल्या लोकांनी त्याची चुणूक पाहिली अन् तो वर्षभरानं तिथंच विद्यार्थी झाला. पुढं जिनिव्हाला सर्न या कणांच्या संशोधन केंद्रात नोकरी, काम वेगळंच, हा एन्टँगलमेंटचा विचार तो फावल्या वेळात करायचा. १९६४ चा पेपर रजेवर असताना लिहिला, अन् जिथं छापला ते मासिक थोड्याच वर्षांत बंद पडलं. बरीच वर्षं त्या पेपरकडे कोणी फारसं पाहिलंच नाही.

मग अमेरिकेत जॉन क्लाउझर. १९७२ मध्ये फ्रीडमनसोबत बर्कलेला बेलचं गणित तपासायला कॅल्शियमच्या अणूंवर प्रयोग केला, लॅबमध्ये पडलेलं जुनं सामान गोळा करून यंत्र उभं केलं. त्याला वाटत होतं की आइन्स्टाइन बरोबर ठरेल अन् क्वांटम चुकेल. निकाल उलटा आला, तसाच छापला. या विषयाच्या नादी लागल्यामुळे त्याला प्राध्यापकाची कायमची जागा कधी मिळाली नाही.

अन् ॲलन ॲस्पे, माझा सगळ्यात आवडता. हा तीन वर्षं आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये मास्तर होता! दिवसा शिकवायचं अन् संध्याकाळी एकटा क्वांटमचं पुस्तक घेऊन बसायचं. परत फ्रान्सला आल्यावर प्रयोग करायचा म्हणून बेलला भेटायला गेला तर बेलनं पहिलं विचारलं की नोकरी पक्की आहे ना, कारण नसेल तर या विषयाला हात लावणं धोक्याचं होतं. १९८२ ला त्याचे प्रयोग झाले, त्यात फोटॉन वाटेत असतानाच पोलरायझरची दिशा बदलत होती. २०२२ चं नोबेल क्लाउझर, ॲस्पे अन् झाइलिंगर यांना मिळालं, बेल १९९० मध्येच गेला होता.

मी ज्या कॉलेजात शिकवते तिथं प्रॅक्टिकलला एकच पोलरायझर आहे अन् तोही चिरलेला. पण ॲस्पेची गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची पोरं पुढं सरकतात.

धुऱ्यावरचा

ताई चांगलं सांगितलं, मी घरी वाचून दाखवलं. पन मास्तरच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाई. होते काय?

वणीची_लेक

बरोबर आहे भाऊ, तिकडेच येत होते. १९९१ मध्ये आर्टर एकर्टनं असा विचार केला की दोन गावांतल्या दोन माणसांना गुंतलेले फोटॉन मिळाले तर दोघांकडे आपोआप सारखीच आकड्यांची माळ तयार होते, दुसऱ्या कोणाकडेच नसलेली. ती झाली कुलपाची किल्ली. अन् वाटेत कोणी चोरून पाहिलं तर गुंता मोडतो. मोडला का नाही ते कसं तपासायचं? बेलच्याच गणितानं! ७५ चे ५० च्या खाली आले की समजा चोर बसला आहे. जे १९६४ मध्ये रजेवरच्या माणसाचं कुतूहल होतं ते सत्तावीस वर्षांनी पहारेकरी झालं.

याची गरज काय तर १९९४ मध्ये पीटर शोरनं दाखवलं की क्वांटमच्या नियमांवर चालणारा मोठा कॉम्प्युटर बनला तर आज इंटरनेटवर अन् बँकेत वापरतात त्यातली बरीच कुलपं तो उघडू शकेल. चीननं २०१६ मध्ये यासाठी उपग्रह सोडला, २०१७ मध्ये १२०० किलोमीटर लांबच्या दोन जागांना गुंतलेले फोटॉन पाठवून दाखवले. आपल्या इस्रोनं २०२२ मध्ये अहमदाबादला दोन इमारतींमध्ये ३०० मीटरवर एन्टँगलमेंटवाली किल्ली बनवून दाखवली. ३०० मीटर ऐकायला कमी वाटतं, पण सुरुवात आपल्या हातानं झाली.

आज तुमच्या वावरात एन्टँगलमेंटनं काही येत नाही, हे मी स्पष्ट सांगते. येत्या दोन-चार वर्षांत येईल असंही म्हणणार नाही.

सिस्टर_पुसद

ताईंनी शेवटचं वाक्य लिहिलं म्हणून बरं वाटलं. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माझ्या आईनं गावातल्या एका शिबिरात "क्वांटम मशीन"वर तपासणी केली, हातात एक धातूची दांडी धरायला दिली, लॅपटॉपवरून पानंच्या पानं रिपोर्ट काढला की किडनी कमजोर, लिव्हर कमजोर, अन् पावडरीचे डबे गळ्यात मारले. आई पंधरा दिवस जेवली नाही नीट, घाबरून. मी रक्त तपासलं, क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं कळतं, एकदम नॉर्मल. तिचे कापूस वेचणीचे जमवलेले पैसे गेले.

मास्तर, तुम्ही पोरांना ती पट्टी दाखवता ना, त्याचा हाही उपयोग आहे. ज्या पोराला क्वांटम म्हणजे काय ते एकदा हातानं कळलं ते पोरगं आपल्या आजीला त्या शिबिरात बसू देणार नाही. हे मी फार मनापासून लिहिते आहे.

कृषी_सहायक_घाटंजी

फिजिक्स माझा विषय नाही, पण कुतूहलाचं म्हणाल तर पऱ्हाटीचं (कापसाचं) एक सांगतो, धुऱ्यावरच्या भाऊंसाठी. २०१७ ची गुलाबी बोंडअळी कोणी विसरलं नसेल, बोंड फोडलं की आत अळी. तेव्हापासून आम्ही कामगंध सापळे लावा म्हणून गावोगाव बोंबलतो, एकरी दोन. त्यातली ती इवलीशी गोळी मादी पतंगाचा वास सोडते, नर येऊन अडकतात, सापळ्यात किती पडले यावरून फवारायचं का नाही ते ठरतं. फुकटची एक फवारणी वाचली तरी औषधाचा अन् मजुरीचा पैसा वाचतो, अन् विषबाधेची भीती वाचते, यवतमाळ जिल्ह्याला ती काय असते हे सांगायला नको.

असा वास नेमका कोणत्या पदार्थाचा हे पहिल्यांदा कोणी पकडलं? जर्मनीत बुटेनांट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं, १९५९ मध्ये, अन् तेही रेशीमकिड्याच्या पतंगात. वीसेक वर्षं खपला, पाच लाखांच्या आसपास पतंग वापरले तेव्हा कुठं चिमूटभर पदार्थ हाती आला. बोंडअळीचा वास १९७३ मध्ये सापडला, त्याच वाटेनं जाऊन. तेव्हा बुटेनांटच्या लॅबच्या दारात उभं राहून कोणी विचारलं असतं की ह्यानं होते काय, तर घाटंजीचा कापूस त्याच्या तोंडी आलाच नसता.

धुऱ्यावरचा

सापळे माह्या वावरात आहेत. हे माहीत नव्हतं. पाच लाख पतंग. बाप रे.

मंग मी पन हिशोब केला बसून. ६००३ कोटी, आठ वर्षं, वर्षाले साडेसातशे कोटी. एकशे चाळीस कोटी लोकं धरले तर मानशी वर्षाले सव्वापाच-साडेपाच रुपये. एक चहाही येत नाई त्याच्यात. मले ते ६००३ कोटी ऐकून डोंगर वाटला होता. तरी माह्या कापसाच्या भावाचा प्रश्न तसाच आहे, तो मी सोडत नाई, पन तो भाव या पोट्ट्यांच्या शिकण्याच्या पैशानं अडला नाई हे मले समजलं.

एकच राहते. शोध ते लावतात अन् माल आपन विकत घेतो. आपल्या पोट्ट्यायनं शिकून काय, तिकडेच जातीन ना?

बुटीबोरीत_नोकरी

भाऊ, हे जाणं थांबतं तेव्हाच, जेव्हा इथं करायला काही असतं. नागपूरवाल्यांना माहीत असेल, सी. व्ही. रमण १९१० च्या सुमारास नागपुरात सरकारी हिशोब खात्यात अधिकारी होते, कलकत्त्याला परत गेल्यावरही दिवसा ऑफिस अन् संध्याकाळी प्रयोग, असं किती वर्षं केलं. १९२१ मध्ये बोटीवरून समुद्र निळा का दिसतो या प्रश्नानं पछाडले, १९२८ मध्ये रमण परिणाम. आज त्याच्यावर चालणारी यंत्रं गोळी न फोडता औषध खरं का खोटं ते सांगतात.

अन् पुसद-वाशीमवाल्यांनो, शेजारी हिंगोलीत औंढा नागनाथला लायगोची वेधशाळा होणार आहे, २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, गुरुत्वीय लहरी मोजायला. अमेरिकेतल्या लायगोत २०१९ पासून क्वांटमची युक्ती करून "दाबलेला" प्रकाश वापरतात, त्यानं यंत्राची खरखर कमी होते. म्हणजे याच घराण्यातलं फिजिक्स बसनं जाण्याएवढ्या अंतरावर येऊन राहिलं. तिथं वेल्डर लागणार, व्हॅक्यूमचे टेक्निशियन लागणार, लेझरवाले लागणार. ते पोरगं आता नववीत आहे ना मास्तर?

मास्तर_दारव्हा

दहावीत.

रविवारी जाऊन आलो. त्यांच्या ओसरीत बसलो, बाजूला तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. मी तुमचं सगळं मनात जमवून गेलो होतो, रोव्हर, पतंग, ॲस्पे. पण आधी सिस्टर अन् वणीच्या ताईंनी लिहिलं तसंच बोललो, की भाऊ, ह्यानं आज तुमच्या वावरात काही होत नाही. ते एकदम सावरून बसले. म्हणाले, "हे तुम्ही त्या दिवशीच सांगतलं असतं तं बरं होतं सर."

मग तासभर बोललो. रोव्हरचं त्यांना सगळ्यात जास्त भावलं, कारण त्यांचीही मोजणी व्हायची आहे. वही घेऊन २५, २५ अन् ७५ मांडून दाखवलं, पोरगं मधात मधात दुरुस्त करत होतं, त्याचं आधीच पाठ झालं होतं. आई आतून म्हणाली, "मंग ते पन्नास का नाई येत?" मी म्हटलं, वहिनी, हाच प्रश्न साऱ्या जगाला पडला होता. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या अन् परत मांडायला लावलं.

शेवटी त्यांनी फक्त एवढं विचारलं की अकरावी सायन्सला यवतमाळला ठेवलं तर खोलीभाडं अन् मेस मिळून किती येईल, अन् सकाळच्या एसटीनं जाऊन-येऊन जमेल का. उत्तर द्यायला बसलो आहे, कोणाची मुलं सध्या यवतमाळला शिकत असतील तर कृपया खरा खर्च कळवा, मला व्यनि (खाजगी मेसेज) केला तरी चालेल.

अन् अजून एक मागणं. पट्ट्या हाताळून हाताळून चिरल्या, पोरं रोज मागतात. कोणाकडे बंद कॅल्क्युलेटर असतील तर ठेवा.

खामगाव_रिटर्न

सर माझं स्टेशनरीचं दुकान आहे, परत आलेले अकरा पडले आहेत. दारव्ह्याच्या एसटीत पार्सल टाकतो, शाळेचा पत्ता व्यनि करा.

धुऱ्यावरचा

माह्या पोरीचा यवतमाळचा खर्च सारा लिहून ठेवला आहे, वहीचा फोटो पाठवतो मास्तर. अन् त्या अकरातले तीन मले द्या.